इंजेक्शननंतरचे चार तास

डॉ. इंदुमती वाकळे मॅडम यांची आणि माझी पहिली ओळख एका खुर्चीवरून झालेल्या वादाने झाली. आमच्या रुग्णालयात मेंदूतल्या डोपामिनचे, म्हणजे हालचालींना लागणाऱ्या रसायनाचे, चित्र काढण्याची सोय नुकतीच सुरू झाली होती. हात थरथरणे, अंग आखडणे, पाऊल अडखळणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला किरणोत्सर्गी औषधाचे इंजेक्शन द्यायचे, ते मेंदूत नेमक्या जागी पोहोचायला चार तास द्यायचे आणि मग कॅमेऱ्याखाली झोपवून चित्र घ्यायचे, असा क्रम. मी तंत्रज्ञ. ते चार तास रुग्णाने वेगळ्या खोलीत एकट्याने बसावे, कोणी आत जाऊ नये, हा नियम मी मुंबईहून पाठ करून आलो होतो. पहिल्याच दिवशी त्या खोलीत दाराजवळ एक जादा खुर्ची दिसली. मी ती उचलून बाहेर ठेवली. जेवून आलो तर खुर्ची पुन्हा आत, आणि तिच्यावर खुद्द मॅडम, समोरच्या रुग्णाशी गप्पा मारत बसलेल्या.

"मॅडम, इथं बसता येत नाही," मी म्हणालो.

"पाठक, टेप आणा," त्या म्हणाल्या.

रुग्णापासून खुर्चीपर्यंतचे अंतर त्यांनी मलाच मोजायला लावले. अडीच मीटर भरले. "एवढ्या अंतरावर मी किती वेळ बसले तर चालेल, गणित करून सांगा. चालत नसेल तर उठते." मी गणित केले. तास-दीड तास अगदी सहज चालत होते. "मग बसते. आधीच घाबरलेलं माणूस, त्याला चार तास भिंतीकडं बघत ठेवायचं म्हणजे काय?" मॅडमच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असे. दर तीन महिन्यांनी त्याचा अहवाल आला की मी सगळ्यांत आधी त्यांचे नाव शोधायचो, खरे सांगायचे तर थोड्या आशेनेच. आकडा एकदाही मर्यादेबाहेर गेला नाही. शेवटी मीच त्या खुर्चीला उशी आणून ठेवली.

मॅडम या वर्षी साठ वर्षांच्या होत आहेत आणि निवृत्तही. गौरव समितीने मला लेख मागितला तेव्हा मी प्रकृतीचे कारण सांगून नकार कळवला होता. कारण खरे होते, पण कोणाला पटले नाही, कारण माझ्या प्रकृतीविषयी मॅडमखेरीज कोणालाच काही ठाऊक नाही. तीन वर्षांहून अधिक काळ मी एक गोष्ट आपणा सर्वांपासून लपवली आहे. ती सांगितल्याशिवाय मॅडमविषयी काही खरे लिहिता येणार नाही, हे लक्षात आले. म्हणून आज सांगणार आहे. मात्र त्याआधी मॅडमचे काम कसे चालते ते सांगायला हवे.

विभाग सुरू झाला ती दुष्काळाची वर्षे होती. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता. पैठण रोडला आणि बायपासला मात्र इमारतींचे मजले चढत होते. खाली टँकरची रांग आणि वर प्रशस्त फ्लॅटचे फलक. आमची अडचण वेगळी होती. इंजेक्शननंतर रुग्णाने भरपूर पाणी प्यावे लागते, म्हणजे नको असलेले औषध लघवीवाटे निघून जाते. आम्ही प्रत्येकाला दोन लिटर पाणी द्यायचो. पैठणकडच्या एका खेड्यातल्या गयाबाई आल्या. दोन्ही हात थरथरत होते, चेहरा दगडासारखा झालेला, आणि कोणीतरी 'कंपवात आहे, आता हे असेच वाढणार' म्हणून सांगून टाकलेले. दोन तासांनी पाहिले तर बाटल्या रिकाम्या आणि बाई एकदाही स्वच्छतागृहाकडे गेलेल्या नाहीत. मॅडमने त्यांच्या पिशवीकडे पाहिले. आत प्लास्टिकचा कॅन होता, पाण्याने भरलेला.

मी चिडलो. चित्र बिघडले असते. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या माहेरच्या बोलीत शिरल्या. त्याही पैठण तालुक्यातल्याच.

"काकू, पाणी पिलं का नाय?"

"बाई, एवढं चांगलं पाणी पिऊन टाकून कसं द्यावं वं? सुनंला नेते. चार दिस झाले, टँकर नाय आला."

"सुनंचं मी बघते. आता तुमी एक गिलास प्या, मी एक पिते. बघू कोन हारतं."

त्या दोघी अडीच मीटर अंतरावर बसून पेल्यामागून पेले पाणी प्यायल्या. कॅनशेजारी मॅडमला गोळ्यांची पट्टीही दिसली होती. ती कशाची, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "पित्ताची. मेडिकलवाला देतो. लई वर्सं झाली, रोज एक." मॅडमने पट्टी उलटून वाचली आणि मला दाखवली. पित्ताच्या औषधात मळमळीसाठी दुसरे एक औषध मिसळलेले होते, आणि ते वर्षानुवर्षे घेतले तर डोपामिनचे काम अडवते. माणूस हुबेहूब कंपवाताचा रोगी दिसू लागतो.

निरोगी मेंदूच्या चित्रात मधोमध दोन उजळ स्वल्पविराम दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी विझते, नुसता ठिपका उरतो. मॅडमचा एक शिरस्ता आहे: चित्र आधी रुग्णाला दाखवायचे, मग नातेवाइकांना. ज्याचे डोके त्याने आधी बघावे, असे त्यांचे म्हणणे. गयाबाईंना पडद्यासमोर बसवले. "ह्ये माझं डोस्कं व्हय?" त्यांनी विचारले. दोन्ही स्वल्पविराम शेपटीसकट लख्ख होते. मॅडमने ती गोळी बंद करवली. संध्याकाळी त्यांच्या गाडीच्या डिक्कीतून पाण्याचे चार जार गयाबाईंच्या गावी गेले. काही महिन्यांनी बाई ताठ चालत आल्या, हसल्या, आणि माझ्याकडे बोट करून "ह्यो लई वरडतो" म्हणाल्या.

आता माझे.

पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगी हैदराबादला, तिच्या संसारात. मी पैठण रोडच्या एका नव्या सोसायटीत राहतो, जिथे शेजाऱ्याला माझे आडनाव दाराच्या पाटीवरून कळते. डाव्या हाताचा अंगठा थरथरू लागला तेव्हा मी तो हात अ‍ॅप्रनच्या खिशात घातला आणि खिशातच राहू दिला. कप भरलेला असला की हाताची थरथर दिसते, म्हणून चारचौघांत चहा घेणे सोडले. मग लग्नाला जाणे सोडले, मग वाढदिवसांना. 'पाठकसाहेब हल्ली फार भाव खातात' हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. ऐकून बरेच वाटले. गर्विष्ठ म्हटलेले चालेल, आजारी म्हटलेले नको, असा माझा खाक्या. रोज दुसऱ्यांच्या मेंदूची चित्रे काढणाऱ्या माणसाला स्वतःविषयी काय वाटत असेल ते मी लिहीत नाही. घरी बोलायला कोणी नव्हते आणि विभागात बोलायचे नव्हते.

मॅडमने माझ्या हाताची थरथर पाहिलीच नव्हती. त्यांनी मला लांबलचक व्हरांड्यातून चालताना पाठीमागून पाहिले. खिशातून हात काढलेला असतानाही तो चालण्याबरोबर पुढेमागे होत नव्हता. "पाठक," त्या म्हणाल्या, "तुमचा डावा हात चालताना झुलत नाही. कधीपासून?"

मी म्हणालो, "खांदा आखडलाय."

"किती महिने खांदा आखडलाय?"

मी अ‍ॅप्रन सावरत कॅमेऱ्याच्या खोलीत शिरलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. चार दिवसांनी मीच जाऊन सांगितले.

सुटीच्या दिवशी परवानगी घेऊन माझी तपासणी झाली. इंजेक्शन मी द्यायचो, त्यामुळे मला कोण देणार हा प्रश्न होता. मॅडमने सिरिंज हातात घेतली. पहिल्यांदा शीर सापडली नाही. "सवय गेली हो माझी," म्हणून त्या इतक्या ओशाळल्या की कित्येक महिन्यांनी मी मनापासून हसलो. मग त्या वेगळ्या खोलीत, ज्या खुर्चीत इतके लोक बसवले त्या रुग्णाच्या खुर्चीत मी बसलो. समोर मॅडम. मी घरातल्या सगळ्या गोळ्या आठवून पाहिल्या. पित्ताची नाही, चक्करची नाही, झोपेची नाही. गयाबाईंचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता.

मॅडम आजाराविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतःविषयी सांगितले. आई गेल्यावर चौथ्या दिवशी कामावर आले तेव्हा तुम्ही सगळे मला कणखर म्हणालात, पण घरी बसवत नव्हते म्हणून आले होते, असे म्हणाल्या. डबा अहवालाच्या खोलीत एकटीच खाते, कारण घरीही तेच असते, निदान इथे पडदा चालू असतो, असेही म्हणाल्या. इतकी वर्षे एका विभागात काम करून मला यातले काही माहीत नव्हते, याची लाज वाटली.

कॅमेरा मी लावून दिला, बटण मॅडमने दाबले. चित्र तयार झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी शिरस्ता मोडला नाही. माऊस माझ्यासमोर सरकवला. "तुमचं आहे. आधी तुम्ही बघा." डावीकडचा स्वल्पविराम फिकट होता. उजवीकडे, जी बाजू डावा हात चालवते तिथे, नुसता ठिपका होता. मी म्हणालो, "रिपोर्ट तुम्ही लिहा, मॅडम." माझ्या अंगात औषध अजून होते. मॅडम आपली खुर्ची उचलून माझ्या शेजारी आल्या आणि हात माझ्या खांद्यावर ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. त्या दिवशी टेप मी मागितला नाही.

त्यानंतर उपचार सुरू झाले. कामाची वाटणी मॅडमने अशी बदलली की सुया तरुणांकडे गेल्या आणि चित्रे माझ्याकडे राहिली. कोणाला शंकाही आली नाही. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन येतो. गोळी घेतली का, फिरायला गेला होतात का, एवढेच विचारतात. आणि महिन्यातून एकदा म्हणतात, "पाठक, सांगून टाका लोकांना. हा आजार एकट्यानं सांभाळायचा नसतो." मी प्रत्येक वेळी विषय बदलला. चित्र काढून मला तीन वर्षे झाली आणि माझे ते एकट्याने बसण्याचे चार तास मीच संपवले नव्हते.

तर मित्रहो, मला कंपवात आहे. मी भाव खात नव्हतो, मी घाबरलो होतो. मॅडमच्या साठीला त्यांना देण्यासारखे माझ्याकडे हे एक वाक्य होते, ते दिले.

मॅडम, तुमचे चालणे असेच ताठ राहो आणि हात असेच निश्चल राहोत. पुढे पुष्कळ वर्षे लाभोत, आणि त्यांतल्या दुपारी तुमच्या डब्याला कोणाची तरी सोबत असो. मला बोलावलेत तर मी रोज येईन, थोडे सांडेल.

राहता राहिला समारंभ. मॅडमना शाल पांघरवण्याचा मान समितीने मला दिला आहे आणि या वेळी मी तो घेतला आहे. हात थरथरेल, शाल एकदा-दोनदा घसरेल. कृपा करून कोणी धावत येऊन तिचे दुसरे टोक धरू नये.