नवरदेव ब्लाइन खेळत होता

वडील गेल्यावर दोघी बहिणींतल्या थोरलीचं लग्न मीच जमवलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पोरगा वडनेर भोलजीचा. मी त्यांचं घर पाहिलं, विहीर पाहिली, बैल पाहिले, मिरचीच्या वाफ्यात उतरून मातीसुद्धा हातात घेऊन पाहिली. नवरदेव तेवढा त्या दिवशी कामाला बाहेर गेला होता. "पोरगं सोनं हाये," त्याचा बाप म्हणाला, आणि मी शहाणा तिथंच शब्द देऊन मोकळा झालो. टिळ्याची आंगठीही बापाच्याच हातात दिली.

लग्न आमच्याकडे, देऊळघाटला. वऱ्हाडाचा जानोसा शाळेत होता. दुपारी मुहूर्ताला तासभर उरला तसा मी बोलावायला गेलो, तर आत पत्त्यांचा डाव रंगलेला. मधोमध हळद लागलेला एक माणूस. म्हणजे हाच तो!

तीन पत्त्यांचा खेळ. ज्यानं आपले पत्ते पाहिले त्यानं दुप्पट टाकायचे, न पाहता खेळणाऱ्यानं निम्मे. न पाहता खेळणं म्हणजे ब्लाइन. नवरदेवाचे तिन्ही पत्ते सतरंजीवर पालथे पडले होते, तो त्यांना बोटही लावत नव्हता. समोरच्या जाड्या पाहुण्यानं आपले पत्ते पाहून छातीशी धरले होते. बाकीचे केव्हाच पत्ते टाकून मागे सरकले होते.

"पाह्य ना बे आता एकडाव," कुणीतरी म्हणालं.

"काऊन पाहू? ब्लाइन!" नवरदेवानं नोट टाकली. पाहुण्यानं दोन टाकल्या. पुन्हा ब्लाइन, पुन्हा दोन. खिसा रिकामा झाला तशी नवरदेवानं बोटातली आंगठी काढली. आमची आंगठी! आईच्या गळ्यातली एकदाणी मोडून केलेली!

"ब्लाइन," म्हणत त्यानं ती ढिगावर ठेवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी मुलीकडचा माणूस, तोंड उघडायची सोय नाही. पुढचं पाहायला थांबलोच नाही, तडक घरी आलो.

बहीण आतल्या खोलीत पिवळं लुगडं नेसून बसली होती. बायकांना बाहेर काढून मी तिला सगळं सांगितलं. "तू म्हणशीन त आत्ता मोडतो," असंही म्हणालो. म्हणालो खरं, पण मांडवात सारं गाव बसलेलं.

मला वाटलं, ती रडेल. तिनं विचारलं, "तू त्याले याच्या आंधी कवा पाह्यलं होतं, दादा?"

"आजच."

"मंग ब्लाइन कोन खेयलं?"

मी दाराकडे वळलो. तिनंच थांबवलं.

"मांगच्या दारी आन त्याले. मले पाहू दे."

दोन शब्द बोलायचे आहेत असं सांगून मी नवरदेवाला एकट्याला घेऊन आलो. अंतरपाटाआधी नवरीनं असं भेटायचं म्हणजे गावभर बोभाटा. कुणी येऊ नये म्हणून मी मागचं दार लोटून तिथंच उभा राहिलो. तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं, मग त्याच्या हाताकडे.

"आंगठी कुठी हाये?"

आता हा पडली म्हणेल, नाहीतर काढून ठेवली म्हणेल, असं मला वाटलं.

"हारलो," तो म्हणाला.

"तुमाले पत्ते टाकून डावातून उठता येते. हयद लागलेल्या पोरीले उठता येत नाही. उद्या घरातलं काई लावसान का?"

"पत्ते सुटतीन का नाही, सांगता येत नाही," तो म्हणाला. "पन घरातलं लावनार नाही."

"आंगठीबी घरातलीच होती."

त्याची मान खाली गेली. ती माझ्याकडे वळली. "खोटं त नाही बोलला. जाय, भटजीले बोलाव."

लग्न लागलं. पंगती उठल्या. संध्याकाळी ट्रकमध्ये चढण्याआधी ती माझ्या पाया पडली, तसा मी ढसाढसा रडायला लागलो. "माहं चुकलं गं माय," म्हणालो. तिनं नाही म्हटलं नाही. माझ्यामागे धाकटी बहीण उभी होती, तिचा हात धरून नवरीनं तिला माझ्यापुढे ओढलं.

"इच्या टायमाले पाहून घेजो."