बसवलेल्या कॅपचा रंग बदलून मिळेल का?

आमच्या विभागात किस्से शोधावे लागत नाहीत. ते रुग्णाबरोबर आपोआप खुर्चीत येऊन बसतात! मी छत्रपती संभाजीनगरात कृत्रिम दातांच्या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेते. आमच्या ओपीडीत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, पुरेशा सावधपणाने सांगायचे तर, बहुधा हाच असावा: "बसवलेल्या कॅपचा रंग बदलून मिळेल का?"

डाग वरवरचा असेल, तर पॉलिश करता येते. कॅपचा मूळ रंग मात्र खऱ्या दातांसारखा ब्लीचने बदलत नाही. कॅप काढून नवी करावी लागते. यंदा अंतिम परीक्षेसाठी मला अशीच केस हवी होती. पुढच्या दाताची जुनी कॅप काढायची आणि नवी अशी जमवायची, की परीक्षकांना ती शेजारच्या दातांत ओळखू येऊ नये. ओळखली, तर माझे वर्ष धोक्यात! म्हणून मी रुग्ण शोधू लागले.

*

पहिल्या आल्या मुकुंदवाडीच्या एक शिक्षिका. दात पांढरे करणाऱ्या पेस्टच्या ट्यूबमागून ट्यूब त्यांनी संपवल्या होत्या.

"बाकीचे सगळे सुधारले हो मॅडम, हा एकटाच ढिम्म!"

तो दात नसून कॅप आहे आणि तिच्यावर पेस्टचा असा परिणाम होत नाही, हे मी सविस्तर समजावले. नवी करू या, असेही सुचवले.

"म्हणजे याला कितीही घासा, फरक नाही?" त्या उठल्या. "मग राहू द्या. माझ्या वर्गातही असा एक आहे. त्याला काय मी बदलून घेतलं?"

*

नंतर गारखेड्याचे रफिकभाई. व्यवसाय, मोटारींना रंग देणे.

"डॉक्टरसाब, निकालने का कायको? पुट्टी मारो, प्रायमर मारो, ऊपर से दो हाथ!"

मला आनंदच झाला, कारण कल्पना अगदीच चुकीची नव्हती. काही वेळा कॅपवर दाताच्या रंगाचा थर देता येतो. परंतु तो उडू शकतो, त्याचा रंगही पालटू शकतो.

"कितना टिकेगा?"

"खात्रीने सांगता येणार नाही."

रफिकभाईंनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिले. "मॅडम, हम तो गाडी को भी गॅरंटी देते!"

*

तिसऱ्या सखूबाई, मेंढपाळ कुटुंबातल्या. त्यांची तक्रार उलटी होती: कॅप फार पांढरी! ती शेजारच्या दातांसारखी दिसावी, म्हणून त्यांनी रोज नेमाने त्या एकाच कॅपवर मिशरी घासली होती. कॅप होती तशीच चकचकीत, आणि बोट लागून दोन्ही बाजूंचे दात आणखी काळे!

मी सांगितले, "मावशी, कॅपचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. मिशरीने ती सहसा काळी पडत नाही."

सखूबाईंनी विजयी मुद्रेने सोबत आलेल्या नवऱ्याकडे पाहिले. "ऐकलं का? मिशरीनं काय बी व्हत नाय! डॉक्टरीणबाईच सांगायल्यात!"

*

अखेर वैजापूरकडचे किसनकाका मिळाले. स्वभावाने लाघवी, दात वयोमानाने पिवळसर, आणि त्यांत जुनी कॅप ट्यूबलाइटसारखी पांढरी. आधी दातांची स्वच्छता केली, मगच खिडकीच्या उजेडात रंग जुळवला. नव्या कॅपवर बारीक पिवळसर छटा दिल्या, ती भट्टीत भाजून पक्की केली आणि बसवली. आमचे सर बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "यातली कॅप कोणती?"

सरांनी मला असे विचारावे! मी त्या दिवशी जेवायचेही विसरले.

परीक्षेच्या सकाळी काका कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. मला पाहून तोंडभर हसले. सगळे दात पांढरेशुभ्र! फक्त माझी कॅप पिवळी!

"काका, अहो हे काय केलंत?"

"पुतण्यानं शहरातल्या दवाखान्यात नेऊन उजळून आणले. आवं, लेकीची परीक्षा, भायेरून मोठं सायब येणार, अन् मी पिवळे दात घिऊन येऊ व्हय?"

काकांना रागवावे, तर माझ्याच डोळ्यांत पाणी येत होते. काय घडले ते मी दबक्या आवाजात सांगितले. "ही कॅप आता लगेच ओळखू येणार, काका. मी नापास होईन."

काकांचा चेहरा पडला. ते काही बोलणार, तोच परीक्षक आत आले. हातमोजे चढवून त्यांनी काकांचा ओठ वर केला. शुभ्र रांगेतल्या त्या एका पिवळ्या दातावर त्यांची नजर थांबली.

"आजोबा, यातला बाईंनी बसवलेला दात कोणता?"

काकांनी माझ्याकडे पाहिले, मग परीक्षकांकडे.

"सायब, त्यो पिवळा तेवढा माझा सोताचा हाय. बाकी समदे बाईंनी बसवले!"