ओटीखालची सुनावणी

माझा फैसला होत होता आणि मी कचेरीच्या मागे, खरकटं टाकायच्या जागी उभा होतो. आत दिवाणजी, मुकादम आणि मालकाचा भाचा. शिपाई बाहेर यायचा, लांब थांबून प्रश्न टाकायचा, उत्तर घेऊन आत जायचा. आमच्या मिठागरावर महाराची चौकशी अशीच व्हायची.

"दिवाणजी इचारतात, भरतीला उघाडी उघडी ऱ्हायली कशी?"

उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. फळ्या घातल्या की खाडीचं पाणी बाहेर, काढल्या की आत. राखण माझी होती.

आदल्या दिवशी भाचा मांडव्याला लाँचमधून उतरून मित्रांसह आला होता. मंडळींना जिताडा मासा खायचा होता, तोही स्वतः पकडून. उघाडीला जाळं लावलं आणि फळ्या उपसायला लागले. मी ओरडलो, "सायेब, उधाण हाय. मीठ जाईल!" ते हसले. हात धरून अडवावं तर विटाळ. विटाळ केला म्हणून मला तिथंच झोडपलं असतं. मी लांबून हात जोडत राहिलो आणि पाणी मिठाच्या वाफ्यांत घुसलं. आमच्या बायकांनी उन्हात ओढलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळलं. जिताडा काही मिळाला नाही, तो भाग वेगळा.

हे सगळं मी शिपायाला सांगितलं. "फळ्या भाच्यानं काढल्या. हात धरला असता तर विटाळ झाला असता. मी करू काय?"

तो आत गेला. खिडकी उघडी होती. मला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"राखण माजीच व्हती म्हंतो. चुकी झाली म्हंतो."

भाचा तिथंच खुर्चीवर चहा पीत होता. त्याला कुणी एक शब्द विचारला नाही.

मला काढलं. पुढचं मला ठाऊक होतं. काढलेल्या माणसानं कचेरीच्या पुढच्या दारी जायचं, ओटीखालच्या मातीत नाक घासायचं, 'चुकलो मायबाप' म्हणायचं. मग दिवाणजींना दया यायची. माणूस परत कामावर आणि न केलेला गुन्हा जन्मभर त्याच्या नावावर. माझ्या बापानं घासलं होतं. कशासाठी, ते त्याला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

"घास," मुकादम म्हणाला.

मी वाकलो. खरं सांगतो, वाकलो. आई आणि बायको याच आगरावर राबत होत्या, झोपडी आगराच्याच जागेत होती. गुडघे मातीला टेकले. तेवढ्यात वर भाचा हसला. मोठ्यानं नव्हे, नुसता गालात. माझ्या अंगाची लाही लाही झाली. उठलो आणि पायऱ्या चढून थेट ओटीवर गेलो.

"खाली उतर! आधी खाली उतर!" दिवाणजी किंचाळले.

"उतरतो. आधी माजं ऐका. शिपायानं सांगितलं ते माजं बोलणं न्हाय. ह्यांना इचारा, माज्यासमोर इचारा, फळ्या कोणी काढल्या."

भाच्यानं मान फिरवली. दिवाणजींनी विचारलं नाही. मुकादमाची काठी माझ्या पाठीत बसली, मग खांद्यावर. मी खाली पडलो. माझ्यामागे ओटी धुवायचं पाणी आणलं. गुन्हा राहिला बाजूला, सगळे ओटीच्या काळजीत.

झोपडी मोडली. आईबायकोचंही काम गेलं. आई म्हणाली, "नाक घासलं असतंस तर काय झिजलं असतं रे?" मी तिच्यावर ओरडलो. तिच्यावर कशाला ओरडलो, कोण जाणे. राग भलतीकडेच निघत होता.

महाडचं तळं तेव्हा आमच्या लोकांनी शिवून झालं होतं. वस्तीत सगळे त्याच गोष्टी बोलायचे आणि सकाळी मुकाट आगरावर जायचे. मला ते बघवेना. आता मी धक्क्यावर ओझी उचलतो, पण एका जागी बसवत नाही. काम सुटलं की बांधांवरून चालत सुटतो, या आगरावरून त्या आगरावर. भेटेल त्याला थांबवून सांगतो, बोलावलं तर एकट्यानं जाऊ नका, शिपायाच्या तोंडून बोलू नका. काही जण ऐकतात, काही मला बघून वाट बदलतात.

परवा यसू भेटली. मीठ ओढणारी विधवा बाई. मीठ चोरलं म्हणून तिला सोमवारी त्याच कचेरीवर बोलावलंय. कुणी पाहिलं, कधी पाहिलं, काही सांगितलेलं नाही. म्हणाली, "घासते नाक आनि सोडवते जीव. प्वारं हायेत रं, दादा."

"चोरलंस का?"

"न्हाय."

"मग न्हाय म्हन. त्यांच्या तोंडावर म्हन. मी संगं येतो."

ती म्हणाली, "मारतील."

मारतील. मला ठाऊक आहे. कदाचित तिचं कामही जाईल, माझं गेलं तसं. मी तिला खोटा धीर दिला नाही. जाताना तीच म्हणाली, "ये मग संगं." सोमवारी यसू मागच्या दारी उभी राहणार नाही. तिच्यावर बोट दाखवणारा तिच्यासमोर येईल आणि ती स्वतःच्या तोंडानं बोलेल. तिचं बोलून होईपर्यंत मी त्या ओटीवरून हलणार नाही.