आक्काला चिकटलेला शब्द

आमचे दाजी कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत कामाला होते. सेकंड शिफ्टला निघाले असताना हायवेवर ट्रकनं त्यांची मोटरसायकल उडवली आणि ते जागीच गेले. आक्का तेव्हा पंचविशीचीही नव्हती.

न्हावऱ्याला तिच्या सासरी कंपनीतले एक साहेब भेटायला आले. आक्का भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. जाताना साहेब तिच्या सासऱ्यांना म्हणाले, "आबा, तुमची सून फार स्ट्राँग आहे. काळजी करू नका."

तो शब्द तिला चिकटला. पुढं जो येई तो चहा पिऊन तेच बोलून जाई. "लई स्ट्राँग हाय बाई."

मी शिरूरला कॉलेजात होते. रविवारी एसटीनं तिच्याकडं जायचे. तिचा दहावीचा इंग्रजी विषय राहिला होता आणि अंगणवाडीत लागायचं तर तो सुटायला हवा होता. गाईंच्या धारा आटोपल्या, की गोठ्याच्या कट्ट्यावर आम्ही पुस्तक उघडायचो. एका धड्यात नेमका तो शब्द आला.

"ह्याचा अर्थ काय गं?" तिनं विचारलं.

"कशाबद्दल बोलतोय त्यावर आहे. दोर असला तर मजबूत. चहा असला तर कडक. बैल दणकट, औषध जहाल, वारा जोराचा."

"आन् माणूस?"

"अंगानं असला तर धट्टाकट्टा. मनानं असला तर खंबीर."

ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "मला वाटतं अजून एक अर्थ असंल. ज्याला काय लागतंय का ते इचारायची गरज न्हाई, असा."

ती हे चिडून बोलली नाही. मी पुढचा शब्द वाचायला घेतला, पण त्या दिवशी दोघींचंही लक्ष लागलं नाही.

थंडीत तिला ताप भरला. अंगात ताप असताना ती पहाटे उठून धारा काढत होती, दूध डेअरीवर नेऊन घालत होती. घरात कुणी वाईट नव्हतं. सासूबाईंचा जीव होता तिच्यावर. पण आक्काला काही होऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. एका सकाळी ती गोठ्यातच बसली, आणि तिला उठता येईना.

शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "औषध स्ट्राँग आहे, उपाशीपोटी घेऊ नका." आक्का माझ्याकडं बघून हसली. दाजी गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ती रडायला लागली, आणि दवाखान्याच्या बाकावर, चार लोकांसमोर, पोटभर रडली. डॉक्टर बिचारे गोंधळून पाणी आणायला सांगत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी भाकरी कुस्करून दुधात घातली आणि वाटी तिच्यापुढं ठेवली. आक्का म्हणाली, "आत्याबाई, मला एकटीला एवढं झेपत न्हाई."

सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आगं, मग बोलायचं न्हाईस व्हय?"

"आत्ता बोलले की."

दाराशी बसलेल्या आबांनी ते ऐकलं.

पुढं आक्काचा इंग्रजी विषय सुटला, आणि काही वर्षांनी तिला अंगणवाडीत कामही मिळालं. पण त्या घरातला बदल दुसऱ्याच दिवशी सुरू झाला होता. मी त्या रात्री तिथंच राहिले होते; पहाटे उठले तर गोठ्यात कंदील दिसला. आबांची जवानी मेंढरांमागं गेलेली. गाईची धार त्यांनी जन्मात काढली नव्हती. गाय लाथ झाडत होती आणि आबा बादली धरून मागं सरत होते. सासूबाई बाजूला उभ्या राहून त्यांना सांगत होत्या, "आंगठा आत घ्या. हां. आता हळू." आणि आक्का आत गोधडी डोक्यावरून ओढून झोपली होती.