भट्टी बंद करायची, हे भाऊला सांगताना

धुळ्याच्या एमआयडीसीत आमचा बिडाच्या ओतकामाचा कारखाना होता. कडबाकुट्टीची चाकं, रसवंतीच्या चरकाचे रूळ, पंपाच्या बॉड्या असा माल निघायचा. कारखाना थोरल्या भावाने उभा केला. शिक्षण संपल्यावर मी त्याच्या हाताखाली गेलो आणि तिथेच म्हातारा झालो. पुढे भाऊला दम लागायला लागला. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं, म्हणून तो सोनगीरला घरी जाऊन राहिला आणि सगळं माझ्यावर आलं.

खरं तर मला ते काम कधीच आवडलं नाही. भट्टी पेटायच्या दिवशी पहाटेपासून डोक्यात तेच चालायचं. साचा ओला तर राहिला नसेल? कोणी भाजणार तर नाही? घरी आलो की बायको आधी आंघोळीचं पाणी काढायची, मग बोलायची. मुलीच्या लग्नातल्या फोटोतही मी पेंगुळलेलाच दिसतो. पण भाऊच्या देखत त्याची भट्टी विझवायची, हा विचार मनात आला तरी अपराधी वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एक साचा सरकवायला वाकलो आणि खालीच बसलो. कामगार धावले, पाणी आणलं. दुखत काहीच नव्हतं. फक्त उठावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोनगीर गाठलं. भाऊ ओट्यावर बसला होता. वहिनीने चहा दिला, तो माझ्या हातातच निवला.

"काय व्हयनं रे?" भाऊने विचारलं.

"भाऊ, भट्टी बंद करी टाकूत. आते माले व्हत नही."

त्याने हायवेवरच्या ट्रककडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मी तं कव्हळच बंद करनार व्हतू. तुन्हा जीव शे तिन्हामा, आसं वाटनं. म्हनीसन बोलनू नही."

"मन्हा जीव? मी तं तुन्हाकरता चालाडत व्हतू!"

"दोन्ही भाऊ येडा शेतस," आतून वहिनी म्हणाली.

आम्हाला हसू आलं नाही. तो माझ्यासाठी गप्प होता, मी त्याच्यासाठी भट्टी पेटवत होतो. मला राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळेना. भाऊ गुडघा चोळत बसला.

शेजारच्या कारखान्यात जाऊन मी कामगारांसाठी शब्द टाकला. बहुतेकांना काम मिळालं. शेवटची भट्टी लावली त्या दिवशी भाऊ एसटीने आला. तोंडाला रुमाल बांधून दाराशीच उभा राहिला. लोखंडाचा रस साच्यात पडायला लागला तसे सगळे भाऊकडे बघू लागले.

"चाल," तो मला म्हणाला, "माले धूर सहन व्हत नही." माल निवायच्या आतच आम्ही निघालो.

कारखान्याच्या शेडमध्ये आता कोणाची तरी सरकीची पोती असतात. वाटलं होतं, बंद केल्यावर हलकं वाटेल. पण थकवा काही जात नाही. दुपारी आडवा झालो की दिवेलागणीलाच जाग येते.

परवा भाऊचा फोन आला. "जेवना का?"

"नही. झोपेल व्हतू."

"मंग झोप," म्हणाला, आणि फोन ठेवला.