भिवाची झोप

रहाटणीच्या हिंदुराव नखात्यांनी बैलांच्या गोठ्यात लोखंड कातायचा लेथ बसवला तेव्हा गाव हसलं होतं. पुढं एकाचे चार झाले. कंपन्यांचे बोल्ट तिथं होऊ लागले आणि दुपारभर ती घरघर मी शिकवायचो त्या शाळेच्या वर्गांतून तरंगत राहायची.

पगार ठरवायची हिंदुरावांची एक रीत होती. निरोप धाडून ते महिनाअखेरीला कामगाराच्या घरी जेवायला जात. "ताट खोटं बोलत न्हाई, गुरुजी," मला म्हणायचे. ताट भरलेलं दिसलं की पगार पुरतोय, असं धरायचे.

पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात भिवानं पगार वाढवून मागितला. बीडकडचा हा अबोल माणूस दिवसा लेथवर आणि रात्री एका गोदामावर राखणीला असे. चालतानाही झोपेत असल्यासारखा दिसायचा. "शेठ, एका कामात भागलं तर झोपता यील," एवढंच तो म्हणाला. फिरत्या लेथपुढं पेंगणाऱ्याचा हात कधी जाईल, सांगता येत नाही.

महिनाअखेरीला भिवाकडं निरोप धाडून हिंदुराव जेवायला निघाले आणि मलाही सोबत नेलं. संध्याकाळ पवना नदीवरच्या धुक्यात विरघळत होती. भिवाच्या बायकोनं, सोजरबाईनं, पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार.

"भिवा, लेका, माझ्यापरास तूच बरा जेवतोस की," हिंदुराव हसले.

घास हातात तसाच धरून भिवा भिंतीला टेकून झोपला होता.

तेवढ्यात शेजारच्या अंबुबाई दारात आल्या. "सोजर, नेलेली तुपाची वाटी मोकळी झाली का गं? आमची बी जेवायची खोळंबलीत." मग त्यांना शेठ दिसले आणि त्या पदर सावरत मागं सरल्या.

"पाव्हण्यापुढं कोरडी भाकर कशी ठिवावी, दादा?" सोजरबाई खाली बघत म्हणाली.

हिंदुरावांनी ताट सरकवलं. "तुमच्यासाठी केलंय ते वाढ."

टोपलीतली भाकरी आणि ठेचा त्यांनी सावकाश खाल्ला. उठताना म्हणाले, "गुरुजी, आजवर मी शेजाऱ्यांचंच जेवत आलो म्हणायचं."

पुढच्या महिन्यात सगळ्यांचेच पगार वाढले. बोल्ट महाग पडू लागले, एक जुनं गिऱ्हाईक तुटलं, हिंदुरावांच्या घरावर स्लॅब टाकायचं राहून गेलं. हिंदुराव जेवायला जात राहिले, पण निरोप न धाडता.

अशाच एका रविवारी आम्ही गेलो तर भिवा बाजेवर गाढ झोपलेला. राखणीचं काम त्यानं सोडलं होतं. सोजरबाई त्याला उठवायला वळली.

"राहू दे," हिंदुराव हळूच म्हणाले आणि उंबऱ्याशी टेकले. ऊन अंगणातून बाजेकडं सरकत होतं. ते त्याच्या तोंडावर येऊ लागलं तेव्हा हिंदुराव उठले आणि बाजेपाशी, उन्हाला पाठ करून, उभे राहिले.