कुमारिकेने बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही

परवा नातीचा फोन आला. हॉस्पिटलात नोकरी करता करता ती नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे स्वतः रोगी तपासून औषध देणाऱ्या नर्सचा, कोर्स करतेय, आणि ड्युटी नि अभ्यास दोन्ही सांभाळताना जीव मेटाकुटीला आलाय म्हणे... मी म्हटलं, बये, कुरकुर हवी तेवढी कर, पण सोडू नकोस. फोन ठेवला आणि मला इंदूवहिनी आठवली.

गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीची. मी डहाणूच्या एका दवाखान्यात नर्स होते आणि त्याच वेळी मिडवायफरी शिकत होते. म्हणजे डॉक्टरची वाट न बघता स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करायला. दिवसभर वॉर्ड, संध्याकाळी पुस्तक, आणि दवाखान्याची जीप निघाली की तलासरीकडच्या आदिवासी पाड्यांवर.

वेवजीच्या पाड्यावर झोपडीत वाकून शिरायचे तेव्हा माझं लग्न झालंय का, असं तिथे कुणी कधी विचारलं नाही. बाळंतिणीची सासू चूल पेटवून पाणी ठेवायची आणि आम्ही कामाला लागायचो. घरी चिखल्याला आले की मात्र मी पुन्हा बिनलग्नाची पोर! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

आमची चिकूची वाडी, गावात नाव असलेलं घर. मुलीने नर्स व्हावं हे कुणालाच पटलं नव्हतं, आईला तर मुळीच नाही. त्यात घोलवडचं एक चांगलं स्थळ चालून आलेलं, त्यामुळे माझ्या नोकरीचा विषय चारचौघांत काढायचासुद्धा नाही असा तिचा हुकूम होता.

इंदूवहिनी ही दादाची बायको, माझ्याच वयाची. घरात माझ्या शिक्षणाचं कौतुक तेवढं तिलाच. माझं पुस्तक उघडून चित्रं बघायची आणि लाजून फटकन मिटायची... तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही माहेरी न जाता आमच्याकडेच राहिली. मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही असाल ना हो जवळ?"

मी शब्द दिला. रजा काढली, पिशवीत उकळलेली कात्री, रक्त थांबवायचं इंजेक्शन, सगळं भरून घरी आले.

सकाळी कळा सुरू झाल्या. गावातली सुईण आली, शेजारच्या दोघी आल्या. मी हात धुऊन खोलीपाशी गेले तर आई उंबऱ्यात आडवी उभी. कुमारिकेने बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दवाखान्यात काय करतेस ते तिथे कर, इथे चार बायका बघतायत, घोलवडला कळलं तर तुझ्या लग्नाचं काय, असं तिचं म्हणणं.

मी भांडले, रडले, पाया पडले. दादाला म्हटलं, तू तरी सांग, तर तो बाबांकडे बघायला लागला आणि बाबा वाडीत निघून गेले. असल्या वेळी बाप्ये कुठे गायब होतात देव जाणे!

दुपारी बाळ रडलं... मुलगी झाली. सगळ्यांनी हुश्श केलं, मीही केलं. पण मग आतून जुनी लुगडी मागितली. थोड्या वेळाने परत मागितली... आणि मी काय ते ओळखलं. रक्त थांबत नव्हतं. मी दाराबाहेरून ओरडून सांगत राहिले, ओटीपोट चोळा, बाळाला पाजायला घ्या. तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला, अगदी क्षीण.

"वन्सं कुठे आहेत?"

तेव्हा आई बाजूला झाली. भिंतीला टेकली. मी आत धावले, इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं, शिकले होते ते सगळं केलं. रक्त थांबलं... पण तोवर फार गेलं होतं. गाडी जुंपून डहाणूला निघालो, आणि वहिनी वाटेतच गेली.

थोडं आधी आत जाता आलं असतं तर वाचली असती हो.

वहिनीचं बाळ आईने स्वतः वाढवलं, पण त्या दुपारबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. घोलवडचं स्थळ सुतकात मागे पडलं ते पडलंच, त्याची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही.

वर्षभराने मी रजेवर घरी असताना शेजारची सून अडली. बोलावणं आलं नव्हतं, तरी मी पिशवी उचलून गेले. दारात तिची सासू आडवी... तीच रीत, तेच शब्द. मी तोंड उघडणार, तोच मागून आई आली, कडेवर वहिनीची पोर. आवाज न चढवता त्या बाईला म्हणाली,

"माझ्या सुनेच्या वेळी मी हिला अडवलं. माझी सून मी मारली. हिला आत जाऊ दे."

ती सासू बाजूला झाली. मूल पायाळू होतं, माझाही कस लागला, पण दोघं सुखरूप सुटली. बाहेर आले तर आई अंगणात बसून हमसून हमसून रडत होती. वहिनी गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं...

पुढे मी परीक्षा पास झाले, यथावकाश लग्नही झालं, पण जन्मभर हेच काम केलं. त्या गावात मला पुन्हा कुणी दारात अडवलं नाही, आणि ते आईमुळेच, हे मला मान्य आहे. तिचे उपकार मानू की तिच्यावर रागावू, हे मात्र या वयातही ठरत नाही.

तू त्या सकाळीच बाजूला व्हायला हवं होतंस गं, आई...